गायत्री हिरव्यात आली

जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सुरतेच्या डिंडोली भागातल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गातल्या गायत्री सुकलाल महाजन हिला वाचता येत नाही असे आढळून आले. ही बाब तिच्या वर्गशिक्षिका हर्षदा निकम यांच्या ध्यानात येऊ शकली, कारण त्या काळात त्यांच्याकडे दुसरे काही काम नव्हते. त्या फक्त शिकवत होत्या.

ध्यानात येणे तसे सोपे नव्हते. गायत्रीचे पाठांतर असे होते की एखादा धडा एकदा कानावरून गेला की तो स्वल्पविरामांसकट तिच्या तोंडात बसे. पुस्तक समोर धरून, ओळीखालून बोट फिरवत ती इतके गोड वाची, की मागच्या दोन वर्षांच्या प्रगतिपत्रकांवर 'वाचन उत्तम' असा शेरा होता. हर्षदाबाईंनी एक दिवस तिला धड्याच्या मधल्या ओळीपासून वाचायला सांगितले. गायत्रीचे ओठ आवाज न करता हलू लागले. ती मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून निघाली होती आणि मधल्या ओळीपर्यंत चालत येत होती. तिथे पोहोचल्यावर तिने मोठ्याने सुरुवात केली. तोवर बाईंना सगळे समजले होते.

मुलीचा गोंधळ समजण्यासारखा होता. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानांच्या पाट्यांवर गुजराती आणि पुस्तकात मराठी. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. म्हणून मराठी शब्द समोर आला की ती आधी वरची रेघ बोटाने झाकून बघे, खाली ओळखीचे काही निघते का. वडील सुकलाल भेस्तानकडच्या एका कारखान्यात संचे, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, चालवत. आई उषाबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापत. दोघांनाही वाचता येत नव्हते, त्यामुळे मुलगी वाचते यावर दोघांचाही पूर्ण विश्वास होता.

बाई रागावल्या नाहीत. दुपारचे जेवण झाल्यावर रोज अर्धा तास त्या गायत्रीला जवळ घेऊन बसू लागल्या. साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर त्यांनी तिच्या घरातले शब्द लिहिले. आई. दोरा. संचा. कात्री. 'त्र' हे अक्षर उघड्या कात्रीसारखे दिसते, हा शोध गायत्रीने स्वतः लावला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी तिच्यापुढे 'गलबत' हा शब्द ठेवला. गायत्रीने तो कधी ऐकला नव्हता. ती एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "गलबत. बाई, गलबत म्हणजे काय?"

"समुद्रातलं मोठं जहाज. पूर्वी अशी जहाजं सुरतेला यायची."

बाईंनी उठून खिडकीपाशी जाऊन डोळे पुसले. ज्याचा अर्थ माहीत नाही असा शब्द पोरीने वाचला होता. आता फक्त रोजचा अर्धा तास हवा होता, दिवाळीपर्यंत.

त्याच आठवड्यात भेस्तानच्या एका सभागृहात शिक्षकांचे प्रशिक्षण झाले. विषय होता 'वर्गासाठी मोफत डिजिटल साधने'. प्रशिक्षण देणारा चेतन हा सव्वीस वर्षांचा तरुण होता. कोणत्याशा संस्थेने त्याला 'डिजिटल सखा' असे पद दिले होते. त्याने वर्गात कधी शिकवले नव्हते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात आत्मविश्वास होता.

"बेन, सर, सात ॲप आहेत आणि सातही साव मोफत, अगदी फुकट," तो म्हणाला. "एकदम सहेलू, सोपं."

सातांपैकी एक ॲप प्रश्न काढणार होते, दुसरे चित्रे काढणार होते, तिसरे मुलांचे चेहरे बघून हजेरी घेणार होते. चौथे वर्ग किती आनंदी आहे ते मोजणार होते. पाचवे गृहपाठ देणार होते आणि सहावे बाकीची पाच नीट चालतात की नाही याचा अहवाल वर पाठवणार होते.

शेजारच्या शाळेतले श्रीपत सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी हात वर केला.

"नाही वापरलं तर चालेल का?"

"सर, मोफत आहे."

"ते कळलं. पण नाही वापरलं तर?"

"सर, मोफत आहे ना."

श्रीपत सरांनी हात खाली घेतला. विकतची वस्तू नाकारता येते. मोफत वस्तू नाकारण्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

हर्षदाबाईंचे लक्ष मात्र सातव्या ॲपने वेधले. त्याचे नाव 'वाचनदूत'. मुलाने फोनपुढे वाचायचे आणि ॲपने ऐकून त्याला गुण द्यायचे. बाईंना मनापासून आनंद झाला. वर्गात एक्केचाळीस मुले आणि त्यांना दोनच कान. तिसरा कान मिळाला तर कोणाला नको असतो?

"मुलाला वाचता येत नसेल तर हे ओळखेल का?" त्यांनी विचारले.

"बेन, ते सगळं ओळखतं," चेतन म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी वाचनदूत गायत्रीपुढे ठेवले. ॲपची पद्धत अशी होती की आधी एक गोड आवाज उतारा वाचून दाखवी, मग मुलाने तो वाचायचा. उतारा तापी नदीवर होता. गायत्रीने तो एकदा ऐकला आणि मग त्याच गोड आवाजात, जिथे ॲपमधल्या आवाजाने श्वास घेतला होता तिथेच श्वास घेत, संपूर्ण म्हणून दाखवला. पडद्यावर चांदण्या फुटल्या. 'गायत्री महाजन : प्रवाही वाचक. शंभरपैकी शंभर.' तिच्या नावापुढचे वर्तुळ हिरवे झाले.

पाठोपाठ साक्षी इंगळे बसली. साक्षीचे वडील प्रदीप रेल्वेत कामाला होते आणि साक्षीला खरोखर वाचता येत होते; वर्गातल्या कपाटातली सगळी गोष्टींची पुस्तके तिची वाचून झाली होती. तिने दोन वाक्ये वाचली, थांबली, विचार केला आणि विचारले, "बाई, नदी समुद्राला मिळते म्हणजे संपते का?" ॲपने हे थांबणे अडखळणे म्हणून नोंदवले. प्रश्न त्याने उताऱ्याबाहेरचा मजकूर म्हणून कापला. 'साक्षी इंगळे : साहाय्य आवश्यक.' वर्तुळ लाल झाले.

बाईंना हसू आले. त्यांनी चेतनला फोन लावला.

"गायत्री ऐकून म्हणते आहे, वाचत नाही."

"बेन, ॲपला ऐकू येतंय ना? मग वाचतेच आहे."

"तिला निम्मी अक्षरं ओळखता येत नाहीत."

"अक्षरांचा रकाना नाही ठेवलेला, बेन."

"बरं, मग तिला लाल कर."

"हिरव्यातून लालमध्ये जायची सोयच नाही," चेतन समजुतीच्या सुरात म्हणाला. "शिक्षणात माणूस पुढेच जातो ना, बेन."

सप्टेंबरमध्ये परिपत्रक आले. जादा मार्गदर्शनाचा वेळ फक्त लाल विद्यार्थ्यांना द्यावा. हिरव्या विद्यार्थ्यांवर तो खर्च केल्यास ती साधनसंपत्तीची उधळपट्टी समजली जाईल. त्यानुसार दुपारचा अर्धा तास साक्षीच्या वाट्याला आला. साक्षी आज्ञाधारक होती. बाईंनी समोर ठेवलेले 'कमळ' आणि 'बदक' तिने निमूटपणे वाचले आणि मग मांडीवरचे जाड पुस्तक उघडले. गायत्रीचा समावेश प्रगत गटात झाला. प्रगत गटाने स्वतःच्या फोनवर स्वतःच शिकायचे होते. गायत्रीकडे फोन नव्हता, म्हणून ती खिडकीपाशी बसून स्वतःच शिकू लागली.

बाईंनी दोघींना एकत्र बसवून पाहिले. पण थोड्याच दिवसांत तो अर्धा तासच उरला नाही.

कारण वापराचा अहवाल येऊ लागला. कोणती शाळा साधने किती टक्के वापरते, हे दर सोमवारी वर दिसे. डिंडोलीतल्या घरांमधले फोन वडिलांच्या खिशातून सकाळी कारखान्यात जात आणि संध्याकाळी परत येत; त्यामुळे हर्षदाबाईंच्या वर्गाचा वापर नऊ टक्के निघाला. शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, योगराज सर यांच्याकडून खुलासा मागण्यात आला. योगराज सर वाईट माणूस नव्हते. एके काळी ते गणित इतके छान शिकवत की संच्यांवर काम करणारी माणसे सुटीच्या दिवशी खिडकीत येऊन ऐकत. आता त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि ते प्रत्येक कागद दोन्ही हातांनी धरत.

"हर्षदाबेन, तुमच्याकडे फोन आहे ना?"

"आहे, सर."

"मग सगळ्या मुलांचे आयडी त्यात घाला. मुलांनी वापरलं काय, तुम्ही वापरलं काय. वापर झाला म्हणजे झालं."

तेव्हापासून जेवणानंतरच्या अर्ध्या तासात हर्षदाबाई एक्केचाळीस मुलांच्या वतीने प्रश्न सोडवू लागल्या. सुरुवातीला त्यांनी हे काम अतिशय सचोटीने केले. कोणता मुलगा कुठे चुकतो हे त्यांना नेमके ठाऊक होते. अक्षय हातचा धरायला विसरतो, म्हणून त्याच्या वजाबाकीत त्या हातचा विसरत. लोटू 'श' आणि 'ष' यांत फसतो, म्हणून त्याच्या आयडीवर त्या फसत. एक्केचाळीस मुलांच्या एक्केचाळीस तऱ्हेच्या चुका त्या रोज मन लावून करत. वर्गाचा इतका खरा अहवाल त्या शाळेतून पूर्वी कधी गेला नव्हता.

पुढच्या सोमवारी वर्गाचा रंग नारिंगी झाला. योगराज सरांनी त्यांना पुन्हा बोलावले.

"बाई, प्रामाणिक चुका करू नका," ते हळू आवाजात म्हणाले.

"मुलं चुकतात, सर."

"मुलांना चुकू द्या. तुम्ही का चुकता?"

बाई बरोबर उत्तरे दाबू लागल्या. दहा दिवसांत सगळा वर्ग हिरवा झाला. साक्षीसुद्धा, कारण तिच्या वतीने बाईंनी कुठेही न थांबता वाचले. दुपारी तीन वाजता आनंद मोजणारे ॲप सगळ्यांचे चेहरे टिपे. मुले त्या वेळी दात दाखवायला शिकली. वर्ग अठ्ठ्याण्णव टक्के आनंदी निघे. उरलेले दोन टक्के बाईंच्या चेहऱ्यामुळे जात.

गायत्री मात्र खिडकीत बसून राहिली होती आणि 'गलबत' हा शब्द आता तिला पुन्हा रेघ झाकून बघावा लागत होता. हे दिसले तेव्हा बाईंनी अर्ज लिहिला : 'विद्यार्थिनी गायत्री महाजन हिला वाचता येत नाही. तिला लाल गटात घ्यावे.' अर्ज साध्या कागदावर असल्यामुळे तो घेता आला नाही. त्यांनी तो ॲपवर भरला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. एका प्रवाही वाचक विद्यार्थिनीबद्दल शिक्षिकेने नकारात्मक मत नोंदवल्याचे दिसून येते. सबब शिक्षिकेने 'सकारात्मक दृष्टिकोन' हा पन्नास मिनिटांचा मोफत अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र सादर करावे. बाईंनी तो दोन दुपारींत पूर्ण केला. त्यांच्या नावापुढचे वर्तुळही हिरवे झाले.

तेव्हा त्यांनी शेवटचा उपाय केला. ज्या सहा मुलांना वाचायला जड जात होते त्यांच्या पालकांना त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. 'आपल्या मुलाला वाचनात अडचण आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी एक तास शिकवीन. मुलाला थांबू द्यावे.' ही गोष्ट कोणत्याही ॲपवर टाकली नाही. शनिवारी पाच मुले थांबली. गायत्री त्या दिवशी शाळेतच आली नव्हती.

सोमवारी उषाबाई तिला घेऊन आल्या. बाईंनी विचारले, "शनिवारी का नाही पाठवलंत?"

"चिठ्ठीमा लिखेल व्हतं ना, शनिवारनी सुटी शे म्हनीसन?"

"असं कोणी सांगितलं?"

"गायत्रीनी वाची दखाडं. भराभर वाचं तिनी." उषाबाईंनी कमरेची पिशवी उघडून सुकलालचा फोन काढला. त्या दिवशी मुद्दाम मागून घेतला होता. पडद्यावर प्रमाणपत्र होते : गायत्री महाजन, प्रवाही वाचक, सभोवती हिरवी वेलबुट्टी. "हाई उनं ना मोबाईलमा. आमना घरमा पहिली वाचनारी शे ती. गावले समदासले धाडं आम्ही." गावाकडे सगळ्यांना ते पाठवून झाले होते.

हर्षदाबाईंनी गायत्रीकडे पाहिले. गायत्री आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"उषाबाई, तिला अजून वाचता येत नाही. चिठ्ठीत तेच लिहिलं होतं."

उषाबाईंनी पडद्यावरच्या वेलबुट्टीवर बोट ठेवून विचारले, "मंग हाई कोनी लिखं?"

एकोणीस वर्षांच्या नोकरीत बाईंना इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. ॲपने लिहिले असे त्या म्हणू शकल्या असत्या. "मीच," त्या म्हणाल्या. "बटण मी दाबलं."

"तुम्हीच लिखतस, नि तुम्हीच सांगतस का ते खोटं शे," उषाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. धाग्याचे टोक सापडत नाही तेव्हा असतो तसा थकवा होता. जाताना त्या दारात थांबल्या. "शनिवारले धाडसू तिले. मी सोता लई येसू."

त्या गेल्यावर बाईंनी गायत्रीला विचारले, "सुटी आहे असं का वाचलंस?"

"आई सगळ्यांपुढे म्हणाली, वाच. मोबाईलमध्ये मी वाचणारी आहे ना. नाही कसं म्हणू?"

नोव्हेंबरभर गायत्री शनिवारी थांबली. पुठ्ठ्याचे तुकडे पुन्हा निघाले. आठवड्याला एक तास म्हणजे अगदीच थोडा; शिकलेले निम्मे सोमवारपर्यंत उडून जाई. तरीही मुलगी हळूहळू शब्द लावू लागली.

डिसेंबरमध्ये शाळेला कळवण्यात आले की सलग आठ आठवडे संपूर्ण हिरवा राहिल्याबद्दल तिसरीचा वर्ग 'आदर्श डिजिटल वर्ग' म्हणून निवडला गेला आहे. वरून तीन अधिकारी आणि संस्थेचे दोघे येतील. वाचनात पहिली आलेली विद्यार्थिनी गायत्री महाजन स्मार्ट फळ्यावरचा उतारा वाचून दाखवील.

"सर, तिला वाचता येत नाही," हर्षदाबाई म्हणाल्या.

"कागद म्हणतो येतं, तुम्ही म्हणता नाही," योगराज सर म्हणाले. "दोघांपैकी कागदाची बदली होत नाही, बाई. तुमची होते."

तालीम चेतनने घेतली. "गायत्री, फळ्याकडे नाही बघायचं. कॅमेऱ्याकडे बघून वाचायचं. पाठ दिसली तर व्हिडिओ खराब होतो." गायत्रीला ते फार सोयीचे वाटले. हातात छडी देऊन तिला फळ्याकडे पाठ करून उभे केले गेले. छडी मागच्या मागे ओळींवरून कशी सरकवायची हेही चेतनने तिला शिकवले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाई सर्वांच्या आधी शाळेत आल्या. फळ्यावर दाखवायचा तापी नदीचा उतारा त्यांनी काढून टाकला आणि त्या जागी, पिवळ्या पार्श्वभूमीवर ठळक काळ्या अक्षरांत, दोन वाक्ये टाकली :

'ह्या मुलीला अजून वाचता येत नाही. तिला रोज अर्धा तास द्या.'

हीच दोन वाक्ये त्यांनी फळा भरेपर्यंत खाली खाली उतरवली. कोणीतरी वाचेल, कार्यक्रम थांबेल, आपल्याला उभे करून जाब विचारला जाईल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. काय सांगायचे तेही त्यांनी घरून ठरवून आणले होते. गायत्रीचा अपमान होईल ही एक भीती उरत होती. पण पोर फळ्याकडे बघणारच नव्हती.

पाहुणे आले. पुष्पगुच्छ झाले. पडदा उजळला आणि दोन्ही वाक्ये चार-चार बोटे उंचीच्या अक्षरांत वर्गाच्या भिंतीवर उभी राहिली. गायत्री पुढे आली. तिने कॅमेऱ्याकडे बघितले आणि सुरुवात केली, "तापी ही आपली नदी. सातपुड्याच्या डोंगरात ती उगम पावते…" छडी तिच्या पाठीमागे ओळींवरून फिरत होती. 'वाचता येत नाही' यावरून ती सरकली तेव्हा गायत्री झाडाझुडपांचे वर्णन करत होती.

मुख्य पाहुणे मान डोलावत होते. दुसरे अधिकारी फोनवर चित्रण करत होते आणि तिसरे त्यांचे चित्रण नीट होते आहे की नाही ते बघत होते. पुढच्या रांगेत बसलेल्या साक्षीचे ओठ हलले. तिने फळा वाचला, पुन्हा वाचला आणि उभी राहिली.

"बाई, फळ्यावर तर…"

योगराज सरांनी ओठांवर बोट ठेवले. साक्षी बसली. मग सरांनी स्वतः फळ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही.

गायत्रीने शेवटचे वाक्य म्हटले. टाळ्या झाल्या. मुख्य पाहुणे म्हणाले की तंत्रज्ञान योग्य हातांत पडले तर काय घडते हे आज आपण डोळ्यांनी पाहिले. सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. फळा मध्यभागी यावा म्हणून चेतनने योगराज सरांना थोडे डावीकडे सरकवले.

पाहुणे गेल्यावर बाईंनी चेतनला गाठले. "फळ्यावर काय होतं ते पाहिलंस?"

"हो ना, बेन. फॉन्ट मस्त होता."

बाईंनी बोलावणे येण्याची वाट पाहिली. एक दिवस गेला, आठवडा गेला. कार्यक्रमाची फीत सगळीकडे फिरू लागली. लोकांनी खाली कौतुकाने लिहिले. एकाने मुलीचे उच्चार स्वच्छ असल्याचे म्हटले. दुसऱ्या जाणकाराने सुचवले की फळ्याचा पिवळा रंग डोळ्यांना जरा जास्त होतो.

मग आदेश आला. आदर्श वर्ग घडवल्याबद्दल हर्षदा निकम यांची 'मास्टर ट्रेनर' म्हणून निवड करण्यात येत आहे. त्यांनी वर्गातून मुक्त होऊन बारडोलीकडच्या शिक्षकांना सात मोफत साधनांचे प्रशिक्षण द्यावे. शनिवारीही पूर्ण दिवस.

"माझा वर्ग कोण घेईल?" बाईंनी विचारले.

"सात ॲप आहेत ना," योगराज सर म्हणाले. त्यांनी आदेशाचा कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

शेवटच्या दिवशी मुले घरी गेल्यावर गायत्री मागे रेंगाळली. ती टेबलापाशी आली.

"बाई, मी फळा वाचला."

"कोणता फळा?"

"व्हिडिओतला. रविवारी वडील घरी होते, त्यांचा फोन घेतला. आवाज बंद केला. आवाज असला की मला आपोआप म्हणता येतं, मग वाचता येत नाही." तिने डोळे मिटले नाहीत की सूर लावला नाही, एकेक शब्द जमिनीवर पाय टाकावा तसा टाकत ती म्हणाली, "ह्या. मुलीला. अजून. वाचता. येत. नाही. तिला रोज अर्धा तास द्या."

पोरीने आपल्यावर रागवावे, रडावे, असे हर्षदाबाईंना वाटत होते. तिच्या चेहऱ्यावर तसे काही नव्हते. ती एक हिशेब तपासून घेत होती.

"मी ते वाचलं, म्हणजे आता ते खोटं झालं ना, बाई?"

"अर्धं," बाई कशाबशा म्हणाल्या. "दुसरं वाक्य अजून खरं आहे."

पुठ्ठ्याचे सगळे तुकडे त्यांनी तिच्या दप्तरात भरले. सोमवारपासून त्या बारडोलीला जाऊ लागल्या. तिथल्या प्रशिक्षणात रोज ती फीत दाखवावी लागते. त्या ती दाखवतात आणि फळ्याचा भाग आला की मुद्दाम थांबवून विचारतात, "काही दिसतंय का?" शिक्षक बघतात आणि वहीत लिहून घेतात की फळा पिवळा ठेवावा. गायत्रीच्या वर्गाला बाई मिळालेल्या नाहीत. वर्ग हिरवा आहे.

ती फीत आजवर अकरा हजारांहून जास्त लोकांनी पाहिली आहे. डिंडोलीतल्या पालकांच्या ग्रुपमधून ती नंदुरबार-जळगावच्या नातेवाइकांकडे गेली आणि तिथून पुढे, शिक्षणाची कळकळ असलेल्या तमाम मराठी माणसांकडे. त्यामुळे ती तुमच्याकडेही आली असणार. निळ्या गणवेशातली लहानशी मुलगी, हातात छडी, मागे पिवळा फळा. तुम्ही ती निम्मी पाहिलीत, खाली अंगठा दिलात आणि पुढे पाठवलीत. त्यात काही चुकले असे समजू नका. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा द्यावा, ही आपल्याकडची जुनी आणि सर्वमान्य पद्धत आहे.